डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप : तक्रार करण्याआधी व्हॉल्व बघा

पंप चालू होत होता, दिवा लागत होता, मोटरचा आवाजही रोजचाच होता. फक्त बाटलीतलं दूध आठवडाभर थोडं थोडं कमी होत गेलं आणि शेवटी तळाला जेमतेम थर दिसायला लागला. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, मशीन चालू होतंय ना? मग मशीनमध्ये फॉल्ट नाही. दूध कमी झालं असेल." या एका वाक्यामुळे हा अनुभव लिहायला बसले आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा रचनेचा कुठलाही पंप घेतला तरी हे कामाला येईल.

वैशिष्ट्यं सगळ्यांना माहीत असतात, ती पुन्हा लिहीत नाही. माझा वापर मात्र नेहमीपेक्षा बराच जास्त होता. बाळ 33व्या आठवड्यात झालं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या आसपास बसायला लागतो, तोवर बाळाला नळीनं दूध द्यावं लागतं. अंगावर ओढणारं कोणी नाही आणि दूध तर टिकवायचंय, म्हणजे रात्र धरून 24 तासांत निदान आठ वेळा दूध काढायचं. इतकं काम या पंपानं महिनोन्‌महिने केलं. मोटरला मी नावं ठेवणार नाही. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही आणि चार्जिंगही पुरेसं टिकतं.

सुरुवातीचे दिवस तर पंप पिशवीतच होता. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, सिस्टरनी आधी हातानं दूध काढायला शिकवलं. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेपासून थोडी मागे ठेवायची, आधी छातीच्या दिशेनं आत दाबायची, मग एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. त्वचेवरून बोटं घासायची नाहीत. चीक दाट आणि थेंब-थेंब असतो, पंपाच्या कपालाच चिकटून राहतो; हातानं काढला की सिरिंजमध्ये सगळा गोळा होतो. पंपाच्या पुस्तिकेत यातलं अक्षरही नाही.

मग पंप सुरू केला आणि पहिले काही आठवडे मी त्याला शिव्याच घातल्या. फार दुखायचं. तेव्हा लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. तेही सिस्टरनीच सोडवलं. पट्टीनं स्तनाग्राच्या बुडाशी रुंदी मोजली आणि बॉक्समधला 24 मिलिमीटरचा फ्लँज, म्हणजे स्तनावर बसवायचा कप, मला मोठा होतोय हे दाखवलं. आजूबाजूचा काळा भागही फ्लँजच्या नळीत ओढला जात होता. लहान फ्लँज लावल्यावर दुखणं थांबलं. सक्शनचा आकडा जितका वर तितकं दूध जास्त, हेही खरं नाही. आधी हलका, जलद मोड, पान्हा फुटला की सावकाश, खोल मोड, आणि आकडा जिथवर सुखानं सोसतो तिथवरच. असं केल्यावर मला पंप आवडायला लागला.

आता व्हॉल्व. फ्लँजच्या खाली, बाटलीच्या तोंडाशी सिलिकॉनचा एक छोटा, चोचीच्या आकाराचा तुकडा असतो. पंप ओढतो तेव्हा त्याची चीर मिटते, म्हणून आत निर्वात तयार होतो. पंप सोडतो तेव्हा ती उघडते आणि साठलेलं दूध बाटलीत पडतं. पंपाची सगळी ताकद या चिरेच्या मिटण्यावर अवलंबून आहे. सिलिकॉन ढिलं पडलं की ओढताना बाटलीतली हवा आत येते आणि मोटर कितीही धडधडली तरी स्तनाला ओढ लागत नाही.

बाळाच्या तपासणीला गेले तेव्हा सिस्टरनी सगळे भाग मागून घेतले. व्हॉल्व ट्यूबलाइटकडे धरला. चीर पूर्ण मिटलेली असायला हवी; माझ्या व्हॉल्वमधून उजेडाची बारीक रेघ आरपार दिसत होती. "आधी हा बदला, मग दुधाचं बघू," त्या म्हणाल्या. नवा व्हॉल्व बसवला आणि पहिल्याच वेळी ओढ पूर्वीसारखी लागली. दुधाचं प्रमाण पूर्ववत व्हायला मात्र थोडे दिवस गेले, आणि माझा राग आहे तो इथेच. स्तन नीट रिकामा झाला नाही तर शरीर दूध कमी बनवायला लागतं. म्हणजे खराब व्हॉल्व आधी दूध कमी झाल्याचा भास निर्माण करतो आणि तसाच वापरत राहिलं तर ते खरंच कमी होतं. वर साचलेल्या दुधाची एका बाजूला गाठ झाली ती वेगळीच.

दूध कमी पडतंय असं ऐकलं की आईची काय अवस्था होते, हे फोन उचलणाऱ्याला कळायला हवं. त्यातून बाळ मुदतीआधी झालेलं असेल तर आणखीच. पावडरचं दूध द्यायला माझी ना नाही, अनेक बाळांना ते लागतं. पण तो निर्णय सिलिकॉनच्या झिजलेल्या तुकड्यामुळे घ्यावा लागू नये.

पुन्हा फोन केला तेव्हा सांगितलं की व्हॉल्व झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. ठीक, झिजणारा आहे हे मान्य. मग सुटा विका! तो सुटा मिळत नाही. फ्लँज, नळी, झाकण असा अख्खा संच घ्यायचा. बाकीचे भाग धडधाकट असताना ते पुन्हा विकत घ्यायला लावणं मला अजिबात पटलेलं नाही. शेवटी दुसऱ्या ठिकाणचे, याच मापाचे सुटे व्हॉल्व घेतले, ते चोख चालताहेत. दिवसात इतक्या वेळा पंप करणाऱ्यांनी महिना-दोन महिन्यांनी व्हॉल्व बदलावा, असं सिस्टरनी सांगितलं. पुस्तिकेत हे अगदी शेवटी, बारीक अक्षरांत आहे.

धुताना चिरेत ब्रश घालायचा नाही, बोटही खुपसायचं नाही. वेगळ्या भांड्यात साबणाचं कोमट पाणी, मग स्वच्छ पाण्यानं खळबळून उघड्यावर वाळवणं. फडक्यानं पुसायचं नाही.

पुस्तिकेतलं साठवणुकीचं पान मात्र चांगलं आहे : ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, मायक्रोवेव्हमध्ये कधीच गरम करायचं नाही. बाळ एनआयसीयूत असेल तर तिथले नियम याहून कडक असू शकतात, ते पाळा. बाटली आडवी ठेवली की झाकणातून गळतं, ही किरकोळ तक्रार.

बाळ आता अंगावर पितं, पंप कामाच्या वेळेपुरता लागतो. यंत्र म्हणून हाच पंप पुन्हा घेईन. घेणाऱ्यांनी मोटरची ताकद विचारण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : व्हॉल्व सुटा मिळतो का, आणि फ्लँज किती मापांत येतो. कंपनीनं बॉक्समध्ये व्हॉल्वची एक जास्तीची जोडी टाकावी, आणि दूध येत नाही म्हणून फोन करणाऱ्या बाईला सर्व्हिस सेंटरनं सगळ्यात आधी विचारावं, "व्हॉल्व शेवटचा कधी बदललात?"