देवास नाक्यावरची ‘मक्खन’ गाडी

इंदुरात जुनी मारुती घेताना फसायचं म्हटलं तरी सोपं नाही. गल्लीतला पोरगेला मिस्त्रीसुद्धा नुसत्या आवाजावरून सांगतो की टॅपेट वाजतायत की बेअरिंग गेलंय. भाव दहा जणांना तोंडपाठ असतो, आणि नाही पटलं तर तसलीच दुसरी पुढच्या यार्डात उभी असते. जिच्यासारखी दुसरी गाडी अख्ख्या शहरात नाही, तिच्या बाबतीत मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. तिचा आवाज कसा असावा, बॉनेटखाली काय दिसावं, पार्ट केवढ्याला पडावा, कुणालाच ठाऊक नसतं. विकणारा सांगेल ते खरं. आम्हा दोघा भावांना ज्याने टोपी घातली त्याचं सगळं भांडवल एवढंच होतं, म्हणून ही हकीकत जरा सविस्तर लिहितो.

गाडी होती सॅन स्टॉर्म. आजच्या पोरांनी नावही ऐकलं नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्स नावाची कंपनी गोव्यात ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी बनवू लागली. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे दिसायला स्पोर्ट्‌स कार, पळायला साधी हॅचबॅक. पण मध्यमवर्गीयाने निदान स्वप्नात तरी घ्यावी अशी उघडी स्पोर्ट्‌स गाडी तेव्हा दुसरी होती कुठे? फार थोड्या विकल्या गेल्या. धाकट्याने शाळेत असताना मासिकातला तिचा फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. आता तो पिथमपूरला नोकरीला आहे, हातात चार पैसे आहेत, आणि देवास नाक्याजवळच्या एका यार्डात तीच गाडी, तीही लाल, दोन लाख दहा हजारांत मिळतेय म्हटल्यावर त्याला रात्रभर झोप लागेना.

सकाळी दहाला येतो असं फोनवर कळवून गेलो. पोहोचलो तर गाडी आधीच चालू. “आपके लिए ही साफ करवा रहा था भिया, मक्खन गाड़ी है.” जुनं इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं ते एवढ्यासाठी, की व्हॉल्व्हची सिलं झिजली असतील तर रात्रभर आत झिरपलेलं ऑइल पहिल्याच मिनिटाला निळा धूर होऊन बाहेर येतं. तापलेलं इंजिन ही चहाडी करत नाही. त्यात जाड ऑइल भरलेलं असलं की खडखडही दबते. वेळ ठरवून गेल्यावर गाडी गरम मिळाली, तर दुसऱ्या दिवशी न सांगता जावं आणि किल्ली मागण्याआधी बॉनेटवर हात ठेवावा.

माझ्या खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक होता. पत्र्याच्या गाडीला हा उपाय नामी आहे: ठोकलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर चुंबक तिथे धरत नाही. फायबरला तो कुठेच धरत नाही. मी दारावर, मडगार्डवर फिरवत होतो आणि यार्डवाला हसत होता. “पूरी फायबर है, जंग का सवाल ही नहीं.” बॉडी गंजत नाही हे खरंच आहे. पण तिच्याखालचा सांगाडा लोखंडाचा असतो, आणि उघड्या गाडीत पावसाचं पाणी शिरून गालिच्याखाली महिनोन्‌महिने मुरतं. खालून बघितलं तर सगळीकडे काळंभोर, ताजं अंडरकोटिंग. ते मारलेलं असतं गंज झाकायला, हे पुढे कळलं, जेव्हा स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर तो सरळ आत गेला. फायबरची परीक्षा बोटाच्या पेराने करायची. कोरी फायबर टणटणीत वाजते, पुट्टीचा थर असला की आवाज बद्द येतो. दाराच्या बिजागऱ्यांपाशी केसाएवढ्या चिरा शोधायच्या.

कापडी टप गाडीवर नव्हताच. यार्डवाला म्हणाला, फ्रेमसकट मुंबईला शिवायला दिलाय, महिन्याभरात ट्रान्सपोर्टने येईल. तो महिना काही उजाडला नाही. जूनच्या मध्याला पाऊस सुरू झाला आणि आम्ही दोन लाखांच्या गाडीवर भाजीवाल्याची निळी ताडपत्री बांधून बसलो.

व्यवहाराचा कागद नोटरीकडे झाला. त्यात हिंदीत एक ओळ होती, ती नीट वाचा: “गाड़ी देख-परखकर, चलाकर, संतुष्ट होकर ली है, इंजन व पुर्जों की कोई जवाबदारी विक्रेता की नहीं रहेगी.” रक्कम लिहिली नव्वद हजार, बाकीचे रोख मागितले, “टॅक्स का लफड़ा” म्हणून. दोन्ही गोष्टी पुढच्या तक्रारीचे पाय आधीच तोडून ठेवण्यासाठी असतात. नशीब, धाकट्याकडे रोख तेवढी नव्हती, त्याने उरलेले यूपीआयने पाठवले, तेही यार्डवाल्याच्या मेहुण्याच्या नंबरवर. तो नंबर लक्षात ठेवा.

खरी लूट यानंतर सुरू झाली. “इस गाड़ी को इंदौर में एक ही आदमी समझता है,” असं सांगून त्याने एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेजवाला मोठा गोड माणूस, चहाशिवाय सोडायचा नाही. आधी हेड गॅस्केट, मग टायमिंग बेल्ट, मग वॉटर पंप. प्रत्येक वेळी तेच, “रेनॉ का ओरिजिनल है भिया, बाहर से मँगवाना पड़ता है,” आणि निम्मे पैसे आगाऊ. खोकं कधी दिसलं नाही, काढलेला जुना पार्ट कधी परत मिळाला नाही. टायमिंग बेल्टचे एकट्याचे नऊ हजार घेतले. आपण तरी कुठे विचारणार? ज्या इंजिनाचे पार्ट बाजारात मिळतच नाहीत त्याचा भाव विचारायचा कुणाला? आणि एवढे घातल्यावर आता थोड्यासाठी कशाला थांबायचं, हा हिशेब आपोआप चालू होतो. बघता बघता दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीवर गेला.

पलासियाच्या सिग्नलला गाडी उकळली आणि टो करून घरी आणली, त्या संध्याकाळी वडिलांचे मित्र आले होते. पिथमपूरच्या कारखान्यात फोरमन म्हणून जन्म काढलेला माणूस. बॉनेट उघडून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “घासलेट आहे का रे घरात?” बोळा भिजवून त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकवर एका जागी घासायला सुरुवात केली. ग्रीस निघालं, त्याखाली काळा रंग, तोही जाड. तो सुटला तशी अक्षरं दिसायला लागली: जी, मग १३, मग बी.

“अरे बाबा, हे तर जिप्सीचं इंजिन! एस्टीमलाही हेच होतं. रेनॉ कसलं घेऊन बसलायस?”

१२९८ सीसीचं मारुतीचं इंजिन. ज्याचा बेल्ट कुठल्याही दुकानात सहज मिळतो. धाकटा तिथेच बिलांची फाईल घेऊन खाली बसला.

डिकीतल्या पिशवीत विम्याचा एक जुना कागद सापडला, त्यावरून ज्यांच्या नावावर आरसी आहे त्या पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी सरळ सांगितलं की इंजिन जाम झालं म्हणूनच त्यांनी गाडी कित्येक वर्षांपूर्वी मातीमोल दिली, आणि टपाची फ्रेम तेव्हाही नव्हती. हस्तांतराच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवरची सही त्यांची नाही. मधल्या काळात गाडी किती हातांतून गेली, देव जाणे.

नायता मुंडलाच्या आरटीओत जे कळलं ते आता थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. आमची नोंदणी संपून जमाना झाला होता. हे फी भरून सुधारता येतं (मोटारीला एप्रिल २०२२ पासून पाच हजार, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार). पण तपासणीत इंजिन नंबर आरसीशी जुळायला हवा, इंजिन बदलायला आधी परवानगी लागते, आणि परराज्यातल्या गाडीला मूळ आरटीओची एनओसी. आमच्याकडे तिन्ही नाही. आरसीची जी झेरॉक्स यार्डवाल्याने दाखवली होती त्यात इंजिन नंबरची ओळ नेमकी पुसट होती. मूळ आरसी हातात घेऊन चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर स्वतः शोधायचे, कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यायची, आणि परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची मुदत बघायची. विक्रेत्याला आणखी एक विचारता येतं: एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते कुठे आहे? आमच्या यार्डवाल्याने पुढे हाच प्रश्न ऐकल्यावर चहा मागवला.

गॅरेजच्या बिलांवर खाली एक मोबाइल नंबर छापलेला होता. धाकट्याने सहज आपल्या यूपीआयच्या यादीशी ताडून पाहिला. मेहुण्याचाच. गाडी विकणारा आणि ती “समजणारा एकमेव माणूस” एकाच घरातले. गाडीचे दोन लाख म्हणजे नुसतं गळाचं आमिष होतं, कमाई दुरुस्तीत होती.

पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे. जुन्या चारशेवीसच्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील म्हणाले, “देख-परखकर” वाल्या ओळीने घाबरू नका, लपवलेल्या नंबराची परख कुणी करत नसतं. कामाला येतायत ते यूपीआयचे नऊ व्यवहार, गॅरेजची बिलं, आणि घासलेटने पुसतानाचा तो व्हिडिओ, जो त्या फोरमनकाकांच्या नातीने गंमत म्हणून काढला होता.

यार्डवाल्याने मध्यस्थ पाठवला होता. गाडी परत द्या, साठ हजार देतो. धाकटा पाघळला होता, “दादा, निदान तेवढे तरी.” मी नाही म्हटलं. गाडी गेली की पुरावा गेला, आणि लालवर निळा रंग चढवून ती पुन्हा कुणाला तरी मक्खन म्हणून विकली जाणार.

तिथे सध्या दुसरी एक उघडी गाडी उभी आहे. पांढरी, वर “इम्पोर्टेड” अशी चिठ्ठी. नीट पाहिली तर साध्या सेडानचं छप्पर ग्राइंडरने कापून कडांना रबर बसवलंय. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात असा बदल बसत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं आहे, त्यामुळे नोंदणी आणि विमा दोन्ही गोत्यात येतात. शिवाय अशा गाडीला वेगळी चेसिस नसते, छप्परच तिला ताठ धरून ठेवतं. कुणी ती बघायला जाणार असेल तर एका बाजूला जॅक लावून चाक उचला आणि दोन्ही दारं उघडझाप करून बघा. अडकलं तर टोकनचा एक रुपयाही देऊ नका.