फोनचं नाव सांगणार नाही : नऊ महिने साड्यांचे फोटो काढल्यावरचा अनुभव

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी नागपुरात बर्डीवरून हा फोन घेतला. २४ हजारांचा. कंपनीचं नाव मी शेवटपर्यंत सांगणार नाही, कारण नाव वाचलं की निम्मे लोक ‘माहीतच होतं’ म्हणतील आणि निम्मे ‘काहीतरीच’ म्हणून पुढचं वाचणार नाहीत.

दुकानातला पोरगा मला म्हणाला, “ताई, फोटोसाठीच घेऊन राहिल्या नं? मग हा कायले घेता? थोडे पैसे टाका, तो घ्या.” ‘तो’ म्हणजे माझ्या नणंदेकडे आहे तोच, लाखाच्या वरचा. दोन्हींत फोटो काढून दाखव म्हटलं, तर त्याने दुकानाच्या पांढऱ्याफटक दिव्यांखाली दोन फोटो काढले आणि प्रत्येक फोटो त्या-त्या फोनच्याच स्क्रीनवर दाखवला. “पाहा, फरक दिसून राहिला का नाही?” दिसत होता. तो फरक फोटोंचा की दोन स्क्रीनचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. पैसे तेवढेच होते म्हणून स्वस्तातला घेतला आणि घरी येईपर्यंत आपण फसलो असं वाटत राहिलं. तोवर एकही फोटो काढला नव्हता!

माझं काम असं, की घरून करवतकाठी साड्या विकते. विदर्भातल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते : अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. माल येतो भंडाऱ्याकडून, गिऱ्हाइकं पुण्यात, ठाण्यात, दोघीतिघी परदेशात. साडी कुणी हातात घेऊन बघत नाही. व्हॉट्सॲपवरचा फोटो हेच माझं दुकान. म्हणून कॅमेरा माझ्यासाठी हौस नाही, तराजू आहे.

आणि कोसा हा कॅमेऱ्याचा वैरी आहे. त्याचा मूळ रंग मधासारखा, जरा तांबूस, सकाळी वेगळा, ट्यूबलाइटखाली वेगळा. साडी पसरून फोटो काढला की फ्रेमभर तोच पिवळसर रंग. कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा पडलाय. मग तो आपल्या हुशारीने पिवळेपणा काढून टाकतो आणि हजारो रुपयांची साडी गोणपाटासारखी राखाडी दिसते. कुंकवाचा लाल काठ असेल तर दुसरं दुखणं. लाल इतका भडक होतो की करवतीचे दात एकमेकांत मिसळून नुसती लाल पट्टी उरते. हे दोन्ही फोन करतात, लाखाचाही आणि माझाही. माझा कोशाला जरा जास्त राखाडी करतो, तो लाल जरा जास्त भडकवतो, एवढंच.

उपाय सापडायला दोन महिने गेले. प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड किती पिवळा-निळा धरायचा ते, हाताने ५२०० केल्विनच्या आसपास लावायचा, उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्यायचा, घरातले दिवे बंद. एक्स्पोजर थोडं खाली ओढायचं म्हणजे लाल फुटत नाही. ५० मेगापिक्सेलच्या नादी लागू नका. एरवी चार पिक्सेलचा एक करून फोन साडेबाराचाच फोटो देतो आणि तोच साफ असतो. अल्ट्रावाइड मी उघडतच नाही, कडेला पदर ताणल्यासारखा दिसतो.

आता दिवाळीची गोष्ट. पुण्याच्या एका ताईंची साडी परत आली. फोटोत गर्द जांभळी होती, हातात आली ती वांगी रंगाची. बोलल्या चांगल्याच. मी लगेच माफी मागितली, वर लिहिलं, “साधा फोन आहे हो माझा, रंग नीट येत नाही त्यात.” जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या अंगावर पडलं.

भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. तो आला तेव्हा फोनच्या नावाने बोटं मोडत मी त्याला ती फाइल दाखवली. त्याने फोटोची माहिती उघडली. कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलने, किती आयएसओवर, किती शटरवर, सगळं मूळ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की ते पुसलं जातं. तो हसायलाच लागला. “मामी, हा तर आईच्या फोनचा आहे!” त्या दिवशी माझा फोन चार्जिंगला होता, नणंद बसली होती, तिच्याच फोनने दहाबारा काढून मी लॅपटॉपवर घेतले होते. विसरून गेले. चूक लाखाच्या फोनची आणि शिव्या २४ हजारांच्या फोनला. आणि शिव्या देताना मला इतकी खात्री होती, की कुणी कोर्टात उभं केलं असतं तरी मी शपथेवर तेच सांगितलं असतं.

मग भाच्याच्या डोक्यातून संक्रांतीच्या हळदीकुंकवाची कल्पना निघाली. वाण द्यायच्या आधी चौदा बायकांना टीव्हीवर फोटोंच्या बारा जोड्या दाखवल्या. साडी तीच, खिडकी तीच, फोन दोन. खाली फोनचं नाव लिहिलेलं. पहिल्या सहा जोड्यांत नावं खरी, पुढच्या सहांत अदलाबदल केलेली, आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत. कागदावर आवडीच्या फोटोपुढे टिक करायची.

पहिल्या सहांत बहुतेक टिका महागड्याला. ठीक. पुढच्या सहांतही बहुतेक टिका महागड्याच्या नावाला, म्हणजे माझ्या फोनच्या फोटोंना! आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर उठून टीव्हीजवळ गेल्या, माझ्या फोनने काढलेल्या काठावर बोट ठेवून म्हणाल्या, “काठ कसा उठून दिसून राहिला पाहा नं. पैसा बोलते बाप्पा.” मला तिळगूळ घशात अडकायची पाळी आली. एका आजींनी मात्र दोन्ही सहांत नावाला धरून टिका केल्याच नव्हत्या. कौतुक करायला गेले तर म्हणाल्या, “माय, चष्मा घरी राहिला. खालचं काहीच वाचता नाही आलं. पोत पाहिला नुसता.”

खरं सांगितल्यावर काय झालं असेल? वरच्या वहिनी म्हणाल्या, “मग टीव्हीच खराब असल तुमचा.”

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. भाच्याने एक प्रयोग सांगितला. २००८ साली कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोनदा पाजली, एकदा १० डॉलरची सांगून, एकदा ९० डॉलरची सांगून. ९० वाली लोकांना जास्त आवडली. आणि मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं, त्यात आनंदाशी जोडलेला भागही जास्त जागा झाला. म्हणजे चव खरंच जास्त लागली. नागपूरकराला हे सांगायला वाइन कशाला हवी म्हणा. ‘नागपुरी संत्री’ म्हणून हाक मारली की बाहेरगावी कसलंही किन्नू गोड लागतं, हे आपण पाहतोच.

फोनच्या बाबतीत तर जिभेइतकाही आधार नाही. माझ्यापुढे साडी असते. फोटो शेजारी धरला की खरंखोटं कळतं. पण फुटाळा तलावावरचा परवाचा सूर्यास्त नेमका किती केशरी होता, हे आज कुणाला आठवतं? खरा रंग आठवत नसतो, तुलनेला काही नसतं, मग ती जागा नाव भरून काढतं. महागड्या फोनने आकाश गुलाबी केलं तर ‘काय कलर सायन्स आहे’, स्वस्तातल्याने केलं तर ‘रंग ओततो हा’.

शिवाय नाव एकाचं आणि डोळा दुसऱ्याचा, असंही असतं. ॲपलच्या टिम कुक यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जपानच्या कुमामोतोला भेट दिली तेव्हा स्वतःच सांगितलं, की आयफोनच्या कॅमेऱ्याचे सेन्सर दहा वर्षांहून जास्त काळ सोनीबरोबर बनतात. शाओमीने २०१९ मध्ये १०८ मेगापिक्सेलचा फोन आणला, त्यातला सेन्सर सॅमसंगचा. मोठ्या कंपन्यांचं वेगळेपण बरंचसं पुढच्या हिशेबात आहे : एका क्लिकमागे अनेक फ्रेम घ्यायच्या, जोडायच्या, सावली उचलायची, दाणे पुसायचे. तो हिशेब चांगला-वाईट असतोच. पण तो फोटोत बघायचा, डब्यावर नाही. जुन्या जर्मन लेन्स कंपन्यांची नावं कॅमेऱ्याशेजारी कोरलेली पाहून मीसुद्धा दुकानात दोन मिनिटं थबकले होते. लेन्स काय असते हे तेव्हा मला धड माहीतही नव्हतं.

अमेरिकेतला यूट्यूबर मार्केस ब्राउनली याने बरीच वर्षं फोनचं नाव झाकून फोटोंवर लोकांची मतं घेतली. २०२२ मध्ये एकंदरीत पहिला आला गूगलचा पिक्सेल ६ए, म्हणजे त्यांच्याच महागड्या भावंडांपेक्षा स्वस्त फोन. हे वाचून मी आठ दिवस कॉलर ताठ करून फिरले, साडीला कॉलर नसते तरी. पण त्याच्या या खेळातूनच हेही दिसलं, की लोक उजळ फोटोकडे झुकतात. नाव झाकलं की नावाची भूल जाते, उजेडाची राहते. माझ्या धंद्यात तर हे रोजचं. उजळ, भडक फोटोवर चौकशा दुप्पट येतात आणि परत येणाऱ्या साड्याही त्याच. आवडलेला फोटो आणि खरा फोटो हे सख्खे भाऊ नाहीत.

माझी जिरायची बाकी होती, ती मार्चमध्ये जिरली. तोवर मी स्वस्त फोनची वकील झाले होते. लग्नात, बिशीत, जिथे तिथे तेच. भाचा कंटाळून म्हणाला, “मामी, आता तुमची परीक्षा.” वीस जोड्या, नाव नाही, कोणता फोटो माझ्या फोनचा ते ओळखायचं. नऊ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण दहा आले असते! त्याहून वाईट म्हणजे चुकले कुठे ते. जो फोटो मला आवडला त्याला मी ‘हा माझा’ म्हटलं होतं, दर वेळी. हळदीकुंकवाच्या बायका महागड्या नावाला भुलल्या, मी माझ्या शहाणपणाला. रोग तोच.

म्हणून आता लाखाच्या फोनचं खरं श्रेय देऊन टाकते, कुठे माझा फोन मार खातो ते. हलत्या वस्तूत तो सरळ हरतो. तान्ह्या पोळ्याला शेजारचा छोटू लाकडी बैल ओढत पळत होता. माझ्या फोटोत बैल स्वच्छ आणि छोटू धूर. नणंदेच्या फोनमध्ये दोघंही आले. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तर मी नंतर काढायचंच सोडलं. व्हिडिओ चालता चालता घेतला तर माझा हलतो, तिचा पाण्यासारखा सरकतो. रात्री दीक्षाभूमीचा स्तूप दोघांनी चांगला टिपला, पण माझ्या फोनला हात तीनेक सेकंद स्थिर धरावा लागला. आणि कमी उजेडात माझा फोन कोशाच्या गाठी पुसून टाकतो, कापड पॉलिस्टरसारखं गुळगुळीत दिसतं. कोसा विकणाऱ्या बाईसाठी हे काही लहान पाप नाही.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात गच्चीवर दुपारी दोन वाजता फोटो काढू नका, कोणत्याच फोनने. आधी स्क्रीन मंदावते, मग ‘फोन तापलाय’ म्हणून कॅमेरा बंद. इथे मात्र लाखाचा फोन माझ्याआधी बंद पडला. मला किती आनंद झाला ते सांगत नाही. वर कबुली दिलेलीच आहे.

बाकी बॅटरी दिवसभर पुरते, स्पीकर बरा, फिंगरप्रिंट हळदीचे हात असले की ओळखत नाही. संपलं.

तुलना करायचीच असेल तर दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर बघा, मूळ फाइल घेऊन, आणि कुणाकडून तरी नावं झाकून घ्या. दुकानातला पोरगा झाकणार नाही.

रंगाच्या भानगडीवर मात्र मी एप्रिलपासून एक तोडगा काढलाय. प्रत्येक साडीच्या फोटोत पदराशेजारी एक नोट ठेवते. जांभळ्या-वांगी साडीला शंभराची, कारण ती फिकट जांभळी. कोशाच्या मूळ रंगाला दोनशेची पिवळी, तपकिरी काठाला दहाची. गिऱ्हाइकाने आपल्या पाकिटातली तीच नोट स्क्रीनशेजारी धरायची; नोटेचा रंग जुळला तर साडीचाही बराचसा जुळणार, नाही जुळला तर किती सरकलाय ते कळणार. फोन माझा कोणता, तिचा कोणता, हा प्रश्नच येत नाही. तेव्हापासून रंगावरून एकच साडी परत आली, तीही नोट न ठेवता पाठवलेली. पुण्याच्या त्या ताईंनीही परवा पुन्हा एक घेतली. फोटो बघून त्यांनी आधी विचारलं, “साडी छानच, पण दोनशेची नोट सोबत येणार का?”