आठ महिने वापरलेला मॉडबस गेटवे: अर्थिंग सुधारलं आणि घोडं गंगेत न्हालं

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत आठ महिन्यांपूर्वी हा गेटवे बसवला. दोन शेडमधले ११ एनर्जी मीटर एका आरएस-४८५ लाइनवर (तारांच्या जोडीवरून डेटा नेणारी पद्धत) आहेत. गेटवे त्यांचं रीडिंग मॉडबस टीसीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून, मेंटेनन्सच्या संगणकावर पाठवतो. पॅनेलमधल्या डिन रेलच्या पट्टीवर चटकन बसतो, २४ व्होल्ट डीसीवर चालतो, ४८५चा पोर्ट आयसोलेटेड (बाकी सर्किटपासून विजेच्या दृष्टीनं वेगळा) आहे. सेटिंग अर्ध्या तासात झालं.

पहिले दीड महिने मात्र फार मनस्ताप झाला. इंडक्शन भट्टी लोडवर आली की लांबच्या शेडमधले चार मीटर गप्प. पीस खराब आहे असं समजून मी बदलूनही मागवला. नव्यातही तेच!

शेवटी एका रविवारी केबल टोकापासून टोकापर्यंत तपासली. वायरमननं केबलची शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केली होती, आणि दोन्ही शेडचे अर्थिंगचे खड्डे वेगळे. दुसऱ्या दिवशी भट्टी चालू असताना लांबचं टोक सोडवून शील्ड आणि तिथली अर्थ पट्टी यांत मल्टिमीटर धरला: साडेचार व्होल्ट एसी. भट्टी बंद केल्यावर अर्ध्या व्होल्टच्याही खाली. म्हणजे शील्डमधूनच करंट फिरत होता. आता ती फक्त गेटवेच्या पॅनेलमध्ये अर्थ केली आहे. मधल्या प्रत्येक मीटरपाशी ड्रेन वायर (शील्डला लागून असलेली उघडी तार) जोडून वर स्लीव्ह चढवली. सोडायचं ते शील्डचं टोक, मीटर किंवा पॅनेलच्या बॉडीचं अर्थिंग कधीच नाही.

दुसरी चूक तिसऱ्या वायरची. ए आणि बी या डेटाच्या दोन तारा जोडल्या की काम झालं, असं आपल्याकडे सर्रास समजतात. आरएस-४८५ला रेफरन्सच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टची मर्यादा आहे. म्हणून सगळ्या मीटरचे ‘जी’ (ग्राउंड, म्हणजे रेफरन्स) टर्मिनल गेटवेच्या ‘जी’ला तिसऱ्या वायरनं जोडले. सिग्नल लाइनच्या टोकावरून परत उसळू नये म्हणून १२० ओहमचे रेझिस्टर लावतात; ते प्रत्येक मीटरवर लावले होते, ते काढून फक्त दोन टोकांना ठेवले. सप्लाय बंद करून ए-बीमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. आमच्याकडे ५८ आले.

गेटवेच्या अर्थ स्क्रूपासून बॅकप्लेटपर्यंत वेणीची चपटी वायर टाकली, लगखालचा (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) पेंट कानशीनं खरवडला. मोटरच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून कम्युनिकेशनची केबल बाहेर काढली.

तेव्हापासून पूर्ण पावसाळा गेला, एकदाही रीसेट करावा लागला नाही. तक्रार एवढीच, की मॅन्युअलमध्ये अर्थिंगवर एकच ओळ आहे आणि अर्थचा स्क्रू इतका बारीक, की जाड लग बसतच नाही. किमतीच्या मानानं वस्तू चोख आहे. सँड प्लांटसाठी आणखी एक मागवलाय; त्याची तीन कोरची शील्डेड केबल आधीच ओढून ठेवली आहे.