जुन्या स्पोर्ट बोटीला नवे इंजिन: मांडवीतल्या एका हंगामानंतरचा अनुभव

गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी नद्यांत सुटीच्या दिवशी दिसणाऱ्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फायबरग्लासच्या कितीतरी स्पोर्ट बोटी अंगाने आजही धडधाकट आहेत. थकली आहेत ती त्यांच्यामागची दोन-स्ट्रोक (पेट्रोलसोबत तेलही जाळणारी जुन्या धाटणीची) इंजिने. आमची सतरा फुटी बोट त्यांपैकीच एक. तिच्यावर ९० अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरांचे, कार्ब्युरेटरवर चालणारे यामाहा इंजिन होते. त्याने आमची दीर्घकाळ इमाने सेवा केली, पण खालच्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) उतरल्यावर दुरुस्ती करायची की नवे इंजिन घ्यायचे, हा निर्णय करावा लागला. आम्ही सुझुकीचे डीएफ ९० ए हे चार-स्ट्रोक इंजिन घेतले. ऑक्टोबर ते मे असा पूर्ण हंगाम ते वापरल्यावर हे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. जुन्या बोटीचे इंजिन निवडताना अश्वशक्तीच्या आकड्याआधी वजनाचा आकडा पाहावा. जुने दोन-स्ट्रोक इंजिन सुमारे १२० किलोचे होते. त्याच शक्तीचे सुझुकी सुमारे १५५ किलोचे भरते, तर मर्क्युरीचे २.१ लिटरचे इंजिन १६३ किलोच्या घरात जाते. म्हणजे बोटीच्या अगदी टोकाला पस्तीस ते त्रेचाळीस किलो वाढतात आणि ज्या काळात या बोटी घडवल्या गेल्या, त्या काळी हे वजन कोणी हिशेबात धरलेले नव्हते. आम्ही खरेदीपूर्वी पस्तीस लिटर पाण्याचे कॅन जुन्या इंजिनाला लागून मागच्या फळीवर बांधले, टाकी पूर्ण भरली, मागच्या बाकावर दोघांना बसवले आणि बोट धक्क्याला शांत उभी ठेवली. डेकवरचे पाणी बाहेर जाण्यासाठी मागे जी दोन छिद्रे असतात, त्यांतले डावे छिद्र पाण्याखाली गेले आणि थोड्याच वेळात डेकवर पाण्याची पातळ रेघ आत सरकताना दिसली. दोन्ही बॅटऱ्या मागून काढून स्टिअरिंगच्या कन्सोलखाली नेल्यावर छिद्र पुन्हा पाण्याच्या वर आले. या चाचणीला काहीही खर्च येत नाही, आणि ती केल्याशिवाय कोणीही आगाऊ रक्कम देऊ नये असे मला मनापासून वाटते.

ट्रान्सम, म्हणजे ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगले जाते ती भिंत, तपासणे तितकेच आवश्यक आहे. बाहेरून फायबर दिसत असले तरी आत बहुधा प्लायवूड असते, आणि बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी ते कुजवते. लहान हातोडीने ठोकत गेल्यावर आवाज टणक येण्याऐवजी बद्द येऊ लागला, तर तिथे लाकूड ओले आहे असे समजावे. आमच्या बोटीत खालच्या दोन बोल्टांभोवती असा भाग सापडला. तो कापून नवे मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी भरून घेतल्यावरच इंजिन चढवले.

पर्याय बरेच होते. इव्हिनरूडची ई-टेक इंजिने वजनाला तुलनेने हलकी असल्याने जुनी घेण्याचा सल्ला काहींनी दिला, पण त्यांचे उत्पादन बीआरपी कंपनीने २०२० मध्येच थांबवले आहे. पुढच्या दहा वर्षांसाठी इंजिन घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. यामाहाचे एफ ७० हे एक लिटरचे इंजिन जुन्या दोन-स्ट्रोकइतकेच हलके आहे, आणि पंधरा-सोळा फुटांच्या बोटीसाठी मी डोळे झाकून तेच सुचवेन. आमच्याकडे मात्र सहा माणसे आणि मासेमारीचे सामान असते, त्यामुळे ७० अश्वशक्ती अपुरी पडली असती. मर्क्युरीच्या सर्व सिलिंडरांचा मिळून २.१ लिटरचा मोठा आकार मोहात पाडणारा होता, पण आमच्या मागच्या भिंतीला ते वजन नको होते. सुझुकीच्या बाजूने कौल गेला तो त्याच्या २.५९:१ या गिअर गुणोत्तरामुळे, म्हणजे इंजिनाच्या २.५९ फेऱ्यांत पंखा (प्रोपेलर) एकदा फिरतो. इंजिन दीड लिटरचेच असले तरी हे गुणोत्तर मोठ्या व्यासाचा पंखा फिरवू देते, आणि भरलेली बोट पाण्यातून वर उचलताना त्याचाच उपयोग होतो.

पंख्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गोव्यात नवे इंजिन घेणाऱ्यांची नाराजी पुष्कळदा पंख्यापाशीच सुरू होते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो. विक्रेत्याने बसवून दिलेल्या २१ इंच पिचच्या (पिच म्हणजे पंखा एका फेरीत तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) पंख्यावर, सर्व माणसे बसलेली असताना आणि थ्रॉटल पूर्ण उघडलेले असताना, इंजिन मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या आसपास अडकत होते. या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ५३०० ते ६३०० आहे. म्हणजे ते जेमतेम खालच्या काठावर होते. पिच एक इंचाने कमी केली की साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात, या नेहमीच्या हिशेबाने १९ इंचाचा पंखा मागवला. आता भरलेल्या बोटीत ५८०० फेऱ्या मिळतात आणि वेग सुमारे ३० नॉट राहतो. इंजिन एक भोक वर चढवल्यावर मागे उडणारा फवाराही थांबला.

थांबलेल्या बोटीला एकदम पुढे झेपावण्याची जुन्या दोन-स्ट्रोकची चपळाई या इंजिनात नाही. हा फरक जाणवतो, आणि स्कीइंगसाठी बोट वापरणाऱ्याने तो लक्षात घ्यावा. बाकी सर्व बाबतींत सुख आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या आईला पूर्वी रायबंदर येईपर्यंत धुराने डोके धरायचे. आता ती अग्वादच्या तोंडापर्यंत गप्पा मारत येते. मध्यम वेगाने त्याच फेरीला पूर्वीच्या सुमारे दोन-तृतीयांश पेट्रोल लागते. पूर्ण वेगाने सतत चालवले तर मात्र तासाला तीस लिटरच्या आसपास जातेच, तिथे चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

खर्चाचा अंदाज देताना विक्रेत्याने फक्त इंजिनाची किंमत सांगितली होती. जुना कंट्रोल बॉक्स, केबल, किल्लीचा स्विच आणि मीटर यांतले काहीही नव्या इंजिनाला जुळत नाही, हे बिल येईपर्यंत कोणी सांगितले नाही. अंदाजपत्रक मागतानाच हे सर्व आणि सुटा पंखा त्यात लिहून घ्यावा. नोंदणीपत्रावर इंजिनाचा क्रमांक असल्याने बंदर कप्तान खात्यात बदलही वेळेवर नोंदवून घ्यावा.

सर्वांत गंभीर प्रश्न पेट्रोलचा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या) इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. इंजिनाची नळी नेमकी तिथूनच इंधन घेते. गोव्याच्या दमट हवेत हे सहज घडते. आम्ही दहा मायक्रॉनचा पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला, जुन्या रबरी नळ्या बदलल्या आणि लागेल तेवढेच पेट्रोल त्या दिवशी भरण्याचा नियम केला. वॉरंटीबाबत विक्रेत्याकडून लेखी उत्तर मागून घ्यावे, तोंडी आश्वासनावर राहू नये.

मांडवीचे पाणी उन्हाळ्यात खारे आणि पावसाळ्यात जवळजवळ गोडे असते. इंजिन गंजू नये म्हणून त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, म्हणजे ॲनोड, लावतात. अशा पाण्यात झिंकच्या ॲनोडवर थर बसून त्याचे काम मंदावते, म्हणून आम्ही ॲल्युमिनियमचे ॲनोड लावले आहेत. हंगामाअखेर ते निम्मे झिजलेले आढळले, म्हणजे त्यांनी आपले काम केले. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुतो, तरीही मे महिन्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले पात्यांचे चक्र) काढला तेव्हा त्याच्या दोन पात्यांच्या कडा गाळाने खरवडलेल्या होत्या. ओहोटीच्या वेळी दिवाडीजवळच्या उथळ पात्रातून जाताना इंजिनातून मागे पडणारी थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली होती, ती त्यामुळेच असावी. नवा इम्पेलर बसवून, टाकी रिकामी करून आणि तेल बदलून बोट पावसाळ्यासाठी शेडमध्ये घेतली आहे.