फाउंड्रीच्या हजेरीसाठी पोस्टग्रेस: तारीख-वेळेचा माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर मी बघतोय. तीन पाळ्या, रात्रपाळी 10 ते सकाळी 6. आधीच्या डेटाबेसमध्ये पंचिंगची वेळ नुसती आकड्यासारखी साठवलेली, टाइमझोनचा पत्ताच नाही, आणि सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. मोल्डिंगचे एक मामा कागद घेऊन आले, म्हणाले, "काय ओ, मी सकाळी 6 ला आलोय आणि इथं साडेबारा कसं?" साडेपाच तासांचा फरक, दुसरं काय. त्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे अडकले होते, मला फार वाईट वाटलं.

मग सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसवर आणलं. फुकट आहे आणि तारखेच्या बाबतीत लई पक्कं आहे. वेळ साठवायला टाइमस्टॅम्पटीझेड हा कॉलमचा प्रकार वापरा, ते आत यूटीसीत ठेवतंय आणि दाखवताना तुमच्या सेशनच्या टाइमझोनमध्ये दाखवतंय. फक्त नावात टाइमझोन आहे म्हणून मूळ झोनही साठवतंय असं समजू नका, ते ठेवत नाही.

रात्रपाळीचा दिवस कुठला धरायचा हे खरं दुखणं. 31 तारखेला रात्री 10 ला आलेला माणूस 1 तारखेला सकाळी जातोय, पगार मात्र 31 च्या दिवसाचा. मी आत येण्याच्या वेळेतून 6 तास वजा करून तारीख काढली, तर पहिल्या पाळीला 5:50 ला येणारे सगळे आदल्या दिवशी गेले! 5 तास वजा केले आणि बसलं. कामाचे तास काढायला तर बाहेरच्या वेळेतून आतली वेळ नुसती वजा करायची, इंटरव्हल म्हणजे मधला कालावधी मिळतोय, मधे मध्यरात्र आली तरी काय फरक पडत नाही.

आता खटकलेलं. आमच्याकडं डेटस्टाइल, म्हणजे तारीख कुठल्या क्रमानं वाचायची ती सेटिंग, एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) होतं, एक्सेलमधनं 05/04/2024 आलं की ते 4 मे धरायचं, एरर पण नाही. 13/04 आलं तेव्हा कुठं अडलं म्हणून कळलं, तोवर बारा तारखेपर्यंतचे कितीतरी दिवस उलटेपालटे झालेले. लोड करायच्या आधीच डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) करून घ्या, नाहीतर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असंच लिहा.

आणि वेळ दुसऱ्या झोनमध्ये बदलणाऱ्या ॲट टाइम झोनमध्ये +05:30 लिहू नका, तिथं चिन्हाचा अर्थ उलटा लागतोय, वेळ यूटीसीच्या पुढं जायच्या ऐवजी साडेपाच तास मागं जातीय. सरळ एशिया/कोलकाता लिहा. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

ओळीनं तारखा तयार करून देणारं जनरेट सिरीज मात्र मनापासून आवडलं, प्रत्येक कामगारासाठी महिन्याचे सगळे दिवस तयार करून हजेरीला लेफ्ट जॉइन केलं (हजेरी नसलेले दिवसही यादीत राहतात) की कोण कधी गैरहजर ते लगेच दिसतंय.

साडेचार स्टार. अर्धा त्या उलट्या चिन्हासाठी कापलाय. मामांचा फरक पुढच्या पगारात निघाला.