मॅकबेथचा ऑनलाइन कोर्स, घ्यावा असाच आहे

शेक्सपिअरचं मॅकबेथ हे नाटक नीट समजून वाचायचं होतं म्हणून हा रेकॉर्डेड कोर्स घेतला आणि खरंच आवडला, त्यातही राजा डंकनच्या खुनानंतरचा सीन, म्हणजे दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश, तिथे मॅकबेथ आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ एकेका शब्दात बोलतात, ओळी मधेच तुटतात, आणि सर ते थांबत थांबत वाचून दाखवतात तेव्हा अंगावर काटाच येतो. चेटकिणींच्या बोलण्याची लय वेगळी का, लेडी मॅकबेथ झोपेत चालते तेव्हा पद्य सुटून गद्य का येतं, हे आत्ता कुठे कळलं. मॅकबेथने मारवलेला त्याचा मित्र बँको, त्याच्या भुताचा सीन मात्र उरकलाय, एवढा जबरदस्त सीन! नोट्समध्ये ओळींचे नंबर नाहीत, शोधत बसावं लागतं. ऐकताना नाटक समोर उघडं ठेवाच.