भारतीय की अमेरिकन अकॅडमी? नव्या बालरोगतज्ज्ञाने आधी कुठे नाव नोंदवावे

बालरोगातली डीसीएच, एमडी किंवा डीएनबी ही पदवी-पदविका झाली, तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू झाला, की पहिल्या वर्षातच हा प्रश्न पुढे येतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे आजीव सभासदत्व घ्यावे, की अमेरिकन अकॅडमीचे परदेशी सभासदत्व? मी दोन्ही घेतली होती. त्यातल्या एकाची वार्षिक फी भरणे पुढे थांबवले. (ब्रिटनला जायचा विचार असेल त्यांचे गणित निराळे, त्यांनी एमआरसीपीसीएच या तिथल्या बालरोग परीक्षेकडे पाहावे.)

अमेरिकन अकॅडमीचे मोठेपण मान्य करूनच बोलतो. संस्था १९३० सालची. तिचे धोरणपत्र (पॉलिसी स्टेटमेंट) पाच वर्षांनी आपोआप बाद होते. ते टिकवायचे तर पुन्हा तपासून कायम करावे लागते, नाहीतर सुधारावे लागते. ही शिस्त मला फार भावते. नवजात बाळाच्या काविळीवरची त्यांची २०२२ची मार्गदर्शिका मी आजही उघडतो. कोणाला फोटोथेरपीच्या निळ्या दिव्याखाली ठेवायचे आणि कोणाला घरी सोडून उद्या पुन्हा बोलवायचे, हे गर्भाचे आठवडे आणि बाळाचे तास धरून इतके नेमके मला तरी दुसरीकडे सापडले नाही.

माझे अडले ते पालकांच्या हातात द्यायच्या कागदावर. तापाच्या औषधाचा त्यांचा तक्ता पॅरासिटामॉलच्या ५ मिलीत १६० मिग्रॅ असलेल्या सिरपवर बेतलेला आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते ते १२०, १२५ किंवा २५०चे, आणि ड्रॉप्स १ मिलीत १०० मिग्रॅचे. त्यांच्या तक्त्यात अकरा किलोच्या मुलाला ५ मिली येते. घरात २५०ची बाटली असेल तर तेच ५ मिली दीडपटीहून जास्त होते, आणि ताप उतरत नाही म्हणून आई ते दिवसातून चार वेळा देते. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन रात्री दोनला बसलेल्या बाईने बाटलीवरचे बारीक आकडे पाहून त्रैराशिक मांडावे, ही अपेक्षा मी धरू शकत नाही. तो कागद मला कधीच देता आला नाही.

एकदा हे खटकले, की बाकीचेही दिसू लागते. त्यांच्या नेहमीच्या लसवेळापत्रकात बीसीजी नाही, टायफॉइडही नाही. बाळाला पाठीवर निजवा, हा त्यांचा सल्ला मी रोज देतो. पण त्याच खोलीत स्वतंत्र पाळण्यात निजवा म्हणायचे, तर एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरात तो पाळणा ठेवायचा कुठे? यात त्यांची चूक नाही. ते त्यांच्या मुलांसाठी लिहितात.

आपली अकॅडमी १९६३ची, मुंबई आणि कोलकात्यातल्या दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झालेली. तिच्या लसवेळापत्रकात टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहाव्या महिन्यापासून आहे. माझ्या भागातले पाणी पाहता ती ओळ मला मोलाची वाटते. २०१५चे वाढीचे तक्ते मला त्याहून जवळचे. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी झालेल्या अभ्यासांतली १४ भारतीय शहरांतल्या मुलामुलींची मापे एकत्र करून ते बांधले. त्यात अतिवजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जुळवली आहे, कारण आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावरही गाठतो. ‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून कौतुकाने आणलेला मुलगा त्या रेषेच्या वर गेलेला आई-वडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, तेव्हा मला वेगळे समजावावे लागत नाही.

नवजात बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात श्वासाची मदत देण्याचे प्रशिक्षणही आपली अकॅडमी देते. त्याचा पाया अमेरिकन अकॅडमीचा आहे, हे सांगायलाच हवे. पण ते माझ्या सिस्टरपर्यंत पोहोचले ते इथल्या शाखेमुळे. हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग कशी धरायची, मास्क कसा बसवायचा, हे तिने पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करून पाहिले. बाळ रडले नाही तर आता ती माझी वाट पाहत थांबत नाही.

आणि शाखा म्हणजे माणसे. डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला लागणारे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट तिथल्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणसभांत, जमतातच. पण डेंग्यूचे मूल शॉकमध्ये जाऊ लागले, की जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा ज्येष्ठ रात्री फोन उचलतो आणि सलाईनचा वेग किती ठेवायचा ते सांगतो. परदेशी सभासदत्वाने मला हे दिले नाही, देणे शक्यही नव्हते.

पुराव्याची प्रतवारी आणि संदर्भांची खोली यांत अमेरिकन मार्गदर्शिका बऱ्याचदा सरस वाटतात. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किंवा अध्यापनात जाणाऱ्याने ते सभासदत्व वर्षभर घेऊन पाहायला हरकत नाही. ओपीडी हेच मुख्य काम असेल, तर मी आधी इथले आजीव सभासदत्व घेईन. पैसे एकदाच भरायचे असतात, आणि अमेरिकन अकॅडमीची धोरणपत्रे सभासद नसतानाही वाचता येतात.